माझं सिंगापूरचं प्रस्थान

ऐका हो ऐका! तमाम लहानथोरांस, लेकुरवाळ्यांस, पाहुण्यारावळ्यांस आणि गुराढोरांस कळविण्यात येतं की, या गावचे एक थोर सुपुत्र येत्या गुरुवारी आगगाडीनं आणि तिथून पुढं आगबोटीनं सिंगापूर मुक्कामी हवापालट करण्यास जात आहेत. ते माघारी येईपर्यंत गावानं धीर सोडू नये, हो!

ही दवंडी आमच्या गावात खरोखर पिटली गेली. साल सत्तेचाळीस, महिना माघ, गुऱ्हाळं जोरात. गाव रहिमतपूर स्टेशनपासून चालत तासाभरावर. मजकूर माझा, हलगीवाल्याला दिलेला गूळ माझा, आणि तो थोर सुपुत्रही मीच. वय एकवीस, मॅट्रिक पास, कामधंदा काही नाही.

आता पंचेचाळिशी उलटली. ही गोष्ट मी लग्नाच्या पंगतीत सांगतो, गुऱ्हाळावर सांगतो, कुणी विचारलं नाही तरी सांगतो. लोक पोट धरून हसतात. पण मी ती नेहमी टोपीपाशी थांबवतो. टोपीच्या पुढं मला स्वतःला हसू येत नाही. आज पुढचंही लिहितो, कारण लिहिताना समोर कुणी बसलेलं नसतं.

आमचा दादा लढाईत भरती झाला तो मोटारी दुरुस्त करायला. ब्रह्मदेशच्या बाजूला होता, लढाई संपता संपता पलटणीबरोबर मलायात गेला आणि तिथंच नाव कमी करून सिंगापूरच्या एका मोटारींच्या कारखान्यात लागला. भरती व्हायच्या आधी तीन महिने त्याचं लग्न झालं होतं. त्यानंतरच्या चार वर्षांत तो एकदाच घरी आला, तोही दहा दिवस. बाकीचे दिवस वहिनी आमच्या घरात होती. आई मी लहान असतानाच गेलेली. त्यामुळं वडलांचं, म्हणजे आबांचं, पथ्यपाणी, माझी कापडं, म्हशी, गुऱ्हाळावरच्या माणसांच्या भाकरी, सगळं तिच्यावर. मला जायचंय, असं ती कधी म्हणाली नाही. म्हणजे निदान मला ऐकू आलं नाही. मला त्या काळात बरंच काही ऐकू येत नसे.

दादाची पत्रं मी वाचायचो. सोप्यात घोंगडीवर आबा बसायचे, शेजारचे दोघंतिघं यायचे, आणि मी धान्याच्या कणगीला टेकून, घसा साफ करून सुरुवात करायचो. वहिनी स्वयंपाकघराच्या दाराआड चौकटीला पाठ लावून उभी राहायची. पत्रात तिच्यासाठी दोन ओळी असायच्याच. त्या आल्या की मी खोकायचो आणि पुढच्या मजकुरावर उडी मारायचो. वडील माणसांसमोर नवरा-बायकोचं काय वाचायचं? मग आत जाऊन तिला एकटीला सांगावं, तर मलाच लाज वाटायची. म्हणून मी एक वाक्य तयार करून ठेवलं होतं. "वैनी, दादा खुशाल हाय. तुमची चौकशी केलीय." चार वर्षं वहिनी त्या एका वाक्यावर राहिली.

तर त्या वर्षी दादाचं पत्र आलं. खोली मिळाली आहे, हिला पाठव. एकटी कशी येणार, म्हणून तू सोबत ये, महिना-दोन महिने राहा, सिंगापूर बघ, मजा कर आणि परत जा. मद्रासहून सुटणाऱ्या बोटीत जागा घेतली आहे. ही बोट चुकली, तर पुन्हा जागा कधी मिळेल सांगवत नाही, वर्षही जाईल. माझ्याबरोबर काम करणाऱ्या एकाचे आईवडील, कऱ्हाडकडचे, त्याच बोटीनं येत आहेत. ते मिरज स्टेशनात भेटतील, त्यांना धरून या. आणि मग काय काय लागेल त्याची यादी. पासपोर्ट, देवी टोचल्याचा दाखला, मच्छरदाणी, छत्री, पातळ कापडं. खाण्याचं फार आणू नका.

'हिला पाठव' हे वाक्य घरात सगळ्यांनी ऐकलं. मी 'मजा कर' एवढंच ऐकलं. त्या दिवशी वहिनीची भाकरी करपली. चार वर्षांत पहिल्यांदा. मी जेवताना ते बोलूनही दाखवलं.

दुसऱ्या दिवसापासून मी तयारीला लागलो. साताऱ्यात जाऊन साहेबी टोपी घेतली, पांढरी, टणक, कानांवर सावली पाडणारी. बूट घेतले आणि ते पायाला बसावेत म्हणून उसाच्या सऱ्यांतून चालत सुटलो. टाचांना फोड आले, ते गावाला दाखवले. संध्याकाळी पारावर माझं व्याख्यान.

"सिंगापुरात आपल्या आदी उजाडतं," मी सांगितलं.

"मग तितली मानसं आपल्या आदी मरत्यात का रं?" पारावरचं सगळ्यात जुनं म्हातारं म्हणालं.

"तसं न्हाई, तात्या. पृथ्वी गोल हाय."

"असू दे. जुंधळा पिकतो का तितं?"

"न्हाई. भात."

"मग कशाला जातूस मरायला!"

गावातल्या बायकांनी दादासाठी जिन्नस आणून दिले. कांदालसणाची चटणी, सांडगे, गुळाच्या ढेपी, कुणी घरची हळकुंडं. खाण्याचं फार आणू नका असं लिहिलंय, हे कुणालाही सांगायची माझी हिंमत नव्हती. ज्याच्या त्याच्या पुडीवर मी मान डोलवत होतो. वहिनीनं मात्र रोज थोडं थोडं वेगळं काढून ट्रंक अशी भरली की झाकण एका हातानं बसायचं. मच्छरदाणी तिनं जुन्या लुगड्याच्या काठांची पट्टी लावून शिवली. आणि रिकामी झाली की चुलीपुढं बसून काडीनं राखेत रेघोट्या ओढत राहायची. मला वाटायचं, नक्षी काढते.

आता देवीचं प्रकरण.

लहानपणी सगळ्यांनाच टोचलेलं असतं, पण दाखला ताजा लागायचा. आमचं गाव संस्थानात, म्हणून आम्ही दोघं संस्थानच्या दवाखान्यात गेलो. देवी टोचणारा माणूस म्हणजे यमाचा चुलतभाऊ. त्याच्या हातात एक दांड्याची लोखंडी चकती, तिला बारीक दाते. ती दंडावर लस लावून गरागरा फिरवायची. वहिनीनं पदर सावरून दंड पुढं केला आणि खिडकीतून बाहेरचं लिंबाचं झाड बघत राहिली. माझी पाळी आली. तालमीत जाणारा गडी मी, दंडावर ताईत. चकती टेकली मात्र, आणि मला लिंबाचं झाड उलटं दिसायला लागलं. शुद्धीवर आलो तेव्हा दंडावर ओरखडा होता आणि तो माणूस बजावत होता, "पाणी लावू नका. आठव्या दिवशी देवी उठल्या का ते बघायला या, मग सही."

बाहेर आल्याबरोबर मी दवाखान्याच्या मागं जाऊन धोतराच्या सोग्यानं ती लस खसाखसा पुसून टाकली आणि हौदावर दंड धुतला. का? देवी उठल्या की ताप येतो, दंड सुजतो, असं कुणीतरी म्हणालं होतं. एवढंच कारण. सिंगापूर जिंकायला निघालेला माणूस एका फोडाला भ्याला.

आठव्या दिवशी वहिनीच्या दंडावर टपोऱ्या देवी उठल्या होत्या. ती आबांबरोबर जाऊन सही घेऊन आली. मी म्हणालो, मी माझा सवडीनं जातो. आणि गेलो नाही. माझ्या दाखल्यावर टोचल्याची सही होती, उठल्याची जागा कोरी. मनात म्हटलं, मद्रासच्या गर्दीत कोण बघतंय.

मग जोशीबुवा आले. त्यांनी पंचांग उघडून मान हलवली. गुरुवारी दक्षिणेला दिशाशूळ, त्या वारी तिकडं निघणं अशुभ! आणि आमची गाडी गुरुवारची, जाणार दक्षिणेला. यावर उपाय सगळ्या मुलखाला ठाऊक असतो. प्रस्थान ठेवायचं. चांगला दिवस बघून आपल्या सामानातलं काहीतरी गाठोड्यात बांधून, सुपारी-हळकुंड-अक्षता घालून, जायच्या दिशेला दुसऱ्याच्या घरी नेऊन ठेवायचं. म्हणजे माणूस त्या दिवशीच निघाला असं होतं. पुढं जाताना ते उचलायचं. घरी मात्र माघारी आणायचं नाही. आणलं तर प्रवास मोडला.

"ज्याच्यावाचून पुढं पाऊल टाकता येणार नाही, असं काहीतरी बांधा," जोशीबुवा म्हणाले.

लोक धोतर बांधतात. शेजारच्या घरात नेऊन खुंटीला अडकवतात. पण मी सिंगापूरचा प्रवासी! मी जाहीर केलं की, शेजारी प्रस्थान ठेवतात ते म्हसवडच्या बाजारला जाणारे. आपलं प्रस्थान माधवनगरला, आत्याच्या घरी. आत्याचे यजमान तिथल्या कापडाच्या गिरणीत होते आणि घर स्टेशनापासून जवळ. गाडी तिथून जाणारच, उतरायचं, उचलायचं, पुढं निघायचं. आणि गाठोड्यात मी सगळे कागद बांधले. दोन्ही पासपोर्ट, दोन्ही दाखले, बोटीची तिकिटं.

वहिनी दिवा उजळत होती. ती हळूच म्हणाली, "भावजी, कागद कशाला? धोतर ठिवा की."

"वैनी, तुमास्नी त्यातलं कळायचं न्हाई," मी म्हणालो.

"बरं," ती म्हणाली.

खरं कारण जोशीबुवांनी सांगितलं होतं ते नव्हतंच. आबांनी शाळेतल्या मास्तरांना निरोप धाडला होता, की जायच्या आधी कागद एकदा नजरेखालून घाला. मास्तर बारीक नजरेचे. कोरी जागा त्यांना दिसलीच असती. गाठोडं माधवनगरला गेलं की ते सोडायची कुणाची छाती? धर्मच मधे येत होता. मी गाठीवर लाख लावून मोहोर उठवली, आत्याच्या देव्हाऱ्याशेजारच्या खुंटीला ते अडकवलं, कुणी हात लावायचा नाही म्हणून बजावलं, तिच्या हातचं पोटभर जेवलो, सांगलीत फिरून भडंग घेतलं आणि रविवारी संध्याकाळी शीळ घालत घरी आलो.

सोमवारी दादाचं पत्र आलं, घाईत लिहिलेलं. मी सोप्यात ते मोठ्यानं वाचत होतो. हवा, पाऊस, छत्री, मिरजेला ते जोडपं कसं ओळखायचं. आणि मधेच एक ओळ आली: मद्रासला फार कडक झालं आहे, देवीच्या दाखल्यावर साताऱ्याच्या सिव्हिल सर्जनचा शिक्का हवा, संस्थानातल्या डॉक्टरचा चालत नाही, शिक्का नसेल तर बोटीवर घेत नाहीत, तेव्हा निघण्यापूर्वी न चुकता घ्या.

मी खोकलो.

मी खोकलो आणि पुढच्या मजकुरावर उडी मारली. सवयीचं काम होतं, चार वर्षांचा हात बसलेला. शिक्का घ्यायचा म्हणजे दाखले माघारी आणायचे. म्हणजे गाठोडं सोडायचं, प्रस्थान मोडायचं, आणि डॉक्टरसमोर दंड उघडायचा. त्यापेक्षा मद्रासला बघू. वहिनीची बोट चुकेल, तिचं वर्ष जाईल, हे मला समजत नव्हतं असं नाही. समजत होतं. मी पत्र घडी करून कोनाड्यात ठेवलं आणि भडंग खायला बसलो.

मंगळवारी तांबडं फुटायच्या सुमाराला मी गोठ्यात राखेनं दात घासत होतो. वहिनी धार काढून आली. चरवी खाली ठेवली आणि म्हणाली, "भावजी, काल एक ओळ ऱ्हायली."

"कंची ओळ?"

"शिक्क्याची."

तोंडातली राख मी गिळली. "तुमास्नी कुणी सांगितलं?"

"पत्रानं."

"पत्र वाचलं कुणी?"

"मी."

आणि मग तिनं सांगितलं, मान खाली घालून, जणू तिचीच चूक होती. गेल्या दोन वर्षांत मास्तरांच्या बायकोकडं ताक द्यायला जाता-येता ती वाचायला शिकली होती. राखेतली नक्षी म्हणजे बाराखडी. कोनाड्यातली सगळी जुनी पत्रं तिनं एकेक करून वाचली होती.

"समदी?" मी विचारलं.

"समदी," ती म्हणाली. "तुमी खोकायचा त्या जागा बी."

मला वाटलं, जमीन दुभंगावी आणि मला बुटांसकट पोटात घ्यावं. पण जमीन कसली दुभंगते. म्हैस माझ्याकडं बघत रवंथ करत होती.

"मला मामंजींना काय सांगायचं न्हाई," वहिनी म्हणाली. "मला जायचंय. आज आत्याकडं जाऊ, उद्या साताऱ्याला. चला." चार वर्षांत मला ऐकू आलेलं तिचं हे पहिलं 'मला जायचंय'.

आत्याच्या हातून ओटी भरून घ्यायची आहे असं आबांना सांगून आम्ही दुपारच्या गाडीनं माधवनगर गाठलं. माझ्या मांडीवर ती टोपी. गावातून निघताना ती डोक्यावर होतीच. लोकांनी बघायला नको का!

आत्यानं सगळं ऐकलं आणि खुंटीपुढं हात पसरून उभी राहिली. "माज्या घरातनं प्रस्थान मागं जायाचं न्हाई. आन् उद्या बुधवार हाय. बुधवारी उत्तरंला दिशाशूळ."

"बुधवारी उत्तर, बेस्तरवारी दक्षिण," वहिनी म्हणाली. "मग आत्याबाई, मानसानं जायाचं कवा?"

"ते मला नगं इचारू. जोश्याला इचार."

"जोशी म्हणालं, ज्याच्याबिगर पाऊल म्होरं पडायचं न्हाई ते बांधा. व्हय का न्हाई?"

"व्हय."

वहिनीनं माझ्याकडं बघितलं. मग माझ्या हातातल्या टोपीकडं. "मग भावजी कागदाबिगर जातील एकांद्या वक्ती. टोपीबिगर जायाचं न्हाईत."

आत्या इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं. तिनं स्वतः लाख फोडली, कागद काढले, सुपारी-हळकुंड टोपीत घातलं आणि गाठोडं पुन्हा बांधलं. प्रस्थान जागच्या जागी राहिलं, आतलं बदललं. खुंटीवर ते आता भोपळ्यासारखं दिसत होतं.

पंगतीत मी गोष्ट इथं थांबवतो. लोक हसतात, वाढपी पुढं सरकतो.

बुधवारी सकाळच्या गाडीनं सातारा रोड, तिथून मोटारीनं सातारा. सिव्हिल सर्जनच्या खोलीबाहेर रांग होती. वहिनीचा नंबर आधी आला. डॉक्टरांनी तिच्या दंडावरची खपली बघितली, "छान" म्हणाले आणि धाडकन शिक्का मारला.

"तुझा दंड?"

मी बाही वर केली. त्यांनी चष्मा पुसला. "कुठं आहेत देवी?"

"आतल्या आत उठल्या असत्याल, साहेब."

"आतल्या आत?" डॉक्टरांनी माझ्या डोळ्यांत बघितलं. "पुसलीस ना लस?"

खोलीत कंपाउंडर, दारात रांग, शेजारी वहिनी. मी मान हलवली.

"आता पुन्हा टोचायचं आणि आठ दिवस थांबायचं. बोट केव्हा?"

"येत्या मंगळवारी."

त्यांनी माझा दाखला शिक्क्याविना माझ्या हातात दिला आणि पुढच्याला बोलावलं. बाहेर व्हरांड्यात वहिनी खांबाला धरून उभी राहिली. तिनं शिव्या दिल्या असत्या तर मी त्या आजवर मिरवल्या असत्या. ती फक्त तिच्या दाखल्यावरच्या ओल्या शाईवर फुंकर घालत होती.

दिवेलागणीला घरी पोचलो. सगळं आबांना सांगितलं. पुसलेली लस, कागद गाठोड्यात का बांधले ते, गाळलेली ओळ. सांगताना मी उभा होतो आणि बूट चावत होते. आबांनी माझ्या उघड्या डोक्याकडं बघितलं. मग म्हणाले, "टोपी कुठं हाय?"

"खुंटीला. प्रस्थानात."

"बरं झालं. निदान ती तरी निघाली."

मग त्यांनी दाराकडं बघून मोठ्यानं सांगितलं, "पोरी, तू एकली कशी जाशील? त्या कऱ्हाडकराच्या म्हाताऱ्या-म्हातारीला आपुन वळखत न्हाई, पाळखत न्हाई. परक्याच्या हवाली सून करून समुद्रावर धाडू? लोक तोंडात शेण घालत्याल. ऱ्हाऊ दे. पुढच्या साली बघू."

थोड्या वेळानं वहिनी बाहेर आली. सासऱ्यासमोर ती सोप्यात सहसा येत नसे. हातात कोनाड्यातल्या पत्रांची चळत. ती तिनं माझ्यासमोर ठेवली.

"वाचा," ती म्हणाली. "खोकू नका."

मी कंदील ओढून घेतला. आणि चार वर्षं गाळलेलं सगळं, आबांसमोर, वडील माणसासमोर, एकेक ओळ वाचत गेलो. हिला सांग, इथं रात्री बेडूक ओरडतात, तेव्हा आपल्या विहिरीची आठवण येते. हिला विचार, पायाची भेग बरी झाली का. हिला विचार, माझ्यावर रागावली आहे का. हा प्रश्न तर तीन पत्रांत होता, कारण तीन वेळा उत्तर गेलं नव्हतं. शेवटच्या आदल्या पत्रात होतं: खोली घेतली आहे, खिडकीतून बंदर दिसतं, खिडकीला पडदा लावायचा आहे. हिला कुठला रंग आवडतो ते मला ठाऊकच नाही. लग्न होऊन इतकी वर्षं झाली, लाज वाटते. एवढं विचारून कळव, तोवर खिडकी तशीच ठेवतो.

दादाला लाज वाटली होती, ती त्यानं लिहिली होती. आणि ज्याला वाटायला हवी होती तो ते पान उलटून छत्रीवर गेला होता.

आबांनी डोळे मिटले होते. वहिनी खांबाशी खाली मान घालून बसलेली.

"कंचा रंग आवडतो गं, पोरी?" आबांनी विचारलं.

"हळदीचा," ती म्हणाली.

आबा उठले. धोतराचा सोगा सारखा केला. "मिरजंपोतूर मी सोता येतो. त्या म्हाताऱ्याशी बोलतो. मानूस बरा वाटला, तर जा. आन् तू," माझ्याकडं वळून म्हणाले, "तू म्हशी बघ."

गुरुवारी रहिमतपूर स्टेशनात सारा गाव जमला होता. दवंडी कुणी मागं घेतली नव्हती, त्यामुळं हलगीही आली होती. मी ट्रंक डोक्यावर घेऊन फलाटावर पोचलो, तर लोकांनी माझ्याच गळ्यात हार घातला. झेंडूचा, मांडीपर्यंत लोंबणारा.

"टोपी कुठाय रं गड्या?" पारावरच्या तात्यानं विचारलं.

"म्होरं गेली," मी म्हणालो.

गाडी आली. मी ट्रंक आणि मच्छरदाणीचं बोचकं डब्यात चढवलं आणि खाली उतरलो. वहिनी चढली, आबा चढले. मी फलाटावरच उभा. तेव्हा लोकांना काहीतरी वेगळं आहे असं वाटायला लागलं. हलगी थांबली. आबांनी खिडकीतून हात बाहेर काढला, माझ्या गळ्यातला हार ओढून घेतला आणि वहिनीच्या मांडीवर ठेवला.

"ह्यो जात न्हाई?" कुणीतरी विचारलं.

"न्हाई," आबा म्हणाले. "सूनबाई जाती."

पन्नास-साठ माणसांनी माझ्याकडं वळून बघितलं. इतकी माणसं माझ्याकडं बघत असावीत असं मला दोन महिने वाटत होतं. आता ती बघत होती, आणि मला हात कुठं ठेवावेत ते सुचत नव्हतं. पायात बूट, डोकं उघडं. शिट्टी झाली, गाडीनं हिसका दिला.

वहिनी खिडकीशी होती, शेजारी सासरा बसलेला, पदर डोक्यावर, मांडीवर झेंडूचा हार. गाडी दोन डबे पुढं सरकली असेल. तेवढ्यात तिनं पदर मागं सारून डोकं खिडकीबाहेर काढलं आणि साऱ्या गावादेखत ओरडून सांगितलं,

"भावजी, पत्र मी सोता लिवीन! मामंजींना वाचून दावा, आन् एक बी ओळ गाळू नगा!"